मधल्या फळीचे दिवस

भोसरीतल्या एका कारखान्याच्या निर्यात विभागात माझं अर्धं आयुष्य गेलं. आम्ही फोर्जिंग आणि मशिनिंग केलेले सुटे भाग परदेशी पाठवतो. ते कुणाच्या ट्रॅक्टरमध्ये, कुणाच्या पंपात जाऊन बसतात. माझ्या वाट्याला येतात ते कागद: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, मराठा चेंबरकडून घ्यायचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. जगात कुठे काही बिनसलं की ते मला आधी या कागदांवर दिसतं. अग्रलेख नंतर येतात.

२०२२च्या मार्चमध्ये रशियाच्या काही मोठ्या बँका स्विफ्टमधून, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या संदेशजाळ्यातून, काढल्या गेल्या आणि तिकडच्या एका जुन्या ग्राहकाचे पैसे अडकले. त्याच सुमारास तुर्कस्तानातून चौकशीच्या मेल वाढल्या. दुबईचा एक व्यापारी विचारू लागला, बिल दिरहममध्ये कराल का? जुलैत रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यवहार रुपयांत मिटवायची सोय केली, तेव्हा आमचे अकाउंट्सवाले ते कसं करायचं हे विचारायला बँकेत जाऊन बसले. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि न्हावा शेवाहून युरोपला निघालेले आमचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. मग २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, ब्राझीलवरही तेवढंच. त्या आठवड्यात आमचे मार्केटिंगचे साहेब मेक्सिको, ब्राझील, इंडोनेशिया, सौदी अरेबिया अशी यादी घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, यांच्या कागदपत्रांना काय काय लागतं ते काढून ठेवा."

मी नोकरीला लागले तेव्हा अशी यादी कोणी केली नसती. बँक न्यूयॉर्कची, विमा लंडनचा, नियम जिनिव्हाचा. भांडण असलं तरी ते त्याच चौकटीत व्हायचं. आता चौकटच सुटत चालली आहे, आणि त्या फटीतून काही देश मोठे होताना दिसतात. अभ्यासक त्यांना मध्यम सत्ता म्हणतात. मी मनाशी मधली फळी म्हणते. सलामीच्या जोडीचा एकमेकांवर विश्वास उरला नाही की डाव यांच्यावर येतो.

तुर्कस्तानचंच घ्या. १९५२पासून नाटोत, तरी २०१९मध्ये रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली. युक्रेनला ड्रोन विकले, पण रशियावरच्या निर्बंधांत सामील झाला नाही. युद्ध सुरू होताच १९३६च्या माँत्रो कराराकडे बोट दाखवून बॉस्फरस आणि दार्दानेल्सच्या सामुद्रधुनी युद्धनौकांना बंद केल्या; ते रशियाच्या सोयीचं नव्हतं. स्वीडनला नाटोत घ्यायला जानेवारी २०२४पर्यंत झुलवत ठेवलं. ते अमेरिकेच्या सोयीचं नव्हतं. हे सगळं तत्त्वासाठी झालं असं मी म्हणणार नाही. त्यात सौदेबाजी भरपूर होती. पण याच देशाने संयुक्त राष्ट्रांच्या साथीने २२ जुलै २०२२ला इस्तंबूलमध्ये धान्याचा करार घडवून आणला. १ ऑगस्टला ओडेसाहून पहिलं जहाज निघालं. करार जेमतेम वर्षभर टिकला, १७ जुलै २०२३ला रशियाने अंग काढून घेतलं. पण तेवढ्यात जवळजवळ ३ कोटी ३० लाख टन धान्य आणि इतर शेतमाल काळ्या समुद्रातून बाहेर पडला.

त्या करारातली एक गोष्ट माझ्या मनात ठसली आहे. इस्तंबूलमध्ये एक समन्वय केंद्र उघडलं होतं. तिथे रशियन, युक्रेनी, तुर्की आणि संयुक्त राष्ट्रांचे लोक एकाच ठिकाणी बसून काम करायचे. जहाज कुठलं, खलाशी कोण, माल काय, परतताना रिकामं आहे ना, हे सगळं मिळून तपासायचे. बाहेर दोन देश एकमेकांची माणसं मारत होते आणि आत त्यांचेच अधिकारी एकाच जहाजाच्या तपासणीवर मान्यता देत होते. ज्याने आयुष्यभर कागद केले आहेत त्याला हे किती अवघड आहे ते कळतं. एका अक्षराच्या फरकावरून बँक आमची कागदपत्रं परत पाठवते, आणि इथे तर एकमेकांच्या शब्दावर काडीचाही विश्वास नव्हता. हे काम वॉशिंग्टनला जमलं नसतं, बीजिंगलाही नाही. दोन्हीकडच्यांना ज्याची गरज होती आणि दोघांनाही ज्याच्याविषयी तक्रार होती, त्यालाच ते जमलं.

कतारची वाट वेगळी. लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्याहूनही कमी. अमेरिकेचा मोठा हवाई तळ तिथे, हमासचं राजकीय कार्यालयही तिथेच, आणि समुद्राखालचं वायूचं प्रचंड क्षेत्र इराणबरोबर वाटून घेतलेलं. २०२०चा अमेरिका आणि तालिबानचा करार दोहात झाला. गाझातल्या ओलिसांच्या वाटाघाटीही तिथूनच चालल्या. या मध्यस्थीची किंमतही त्याने मोजली. २०२५च्या जूनमध्ये त्या तळावर इराणची क्षेपणास्त्रं आली आणि सप्टेंबरमध्ये इस्रायलने थेट दोहावर हवाई हल्ला केला. वाटाघाटीसाठी सगळ्यांना घरात जागा दिली म्हणून घर सुरक्षित राहतंच असं नाही.

इंडोनेशियाने जमिनीतल्या निकेलवर पत्ता टाकला. जानेवारी २०२०पासून कच्च्या खनिजाची निर्यात बंद. ज्याला निकेल हवं त्याने इथे येऊन भट्टी लावावी. भट्ट्या लागल्या, रोजगार आला, निर्यातीचं मोल वाढलं. पण भट्ट्या बहुतेक चिनी कंपन्यांच्या, त्यांना लागणारी वीज कोळशाची, आणि धूर सुलावेसीच्या गावांवर. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०२२च्या नोव्हेंबरमध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरुद्ध गेला. इंडोनेशियाने अपील केलं. त्या अपिलाचं काय झालं ते पुढे सांगते, कारण त्याचा धागा आपल्या साखरेपर्यंत येतो.

इथवर जे लिहिलं ते वाचून कुणालाही बरं वाटेल, आपल्याला तर जास्तच. बड्यांची मक्तेदारी मोडते आहे, दिल्लीच्या जी-२० परिषदेत २०२३मध्ये आफ्रिकी संघाला कायमची जागा मिळाली, भारत, ब्राझील, रशिया, चीन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ब्रिक्स गटात नवे देश आले, इंडोनेशियाही आला. मलाही हे मनापासून हवं होतं. पण मधल्या देशांविषयी बोलताना आपण ते बड्यांच्या डोळ्याला डोळा कसा भिडवतात तेवढंच बघतो. आपल्याहून दुबळ्यांशी ते कसे वागतात, याचा हिशेब क्वचितच होतो. माझ्यापुरता तो हिशेब सुदानपासून सुरू झाला.

आमच्या सोसायटीत एक सुदानी विद्यार्थी भाड्याने राहायचा. पुण्यात सुदानी मुलं पुष्कळ. एक पिढी शिकून जाते, धाकटी भावंडं येतात. हा फार्मसी शिकत होता. १५ एप्रिल २०२३ला खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी आरएसएफ यांच्यात युद्ध पेटलं आणि त्याचा घरच्यांशी संपर्क तुटला. काही दिवसांनी फोन लागला तेव्हा कळलं, आई आणि बहिणी इजिप्तच्या सीमेकडे निघाल्या आहेत. त्या काळात तो जिन्यात भेटला की मी विचारायची, आणि तो म्हणायचा, "आंटी, हे फक्त आमचं भांडण नाही." त्याचं म्हणणं खरं होतं. इजिप्त लष्कराच्या मागे. संयुक्त अरब अमिरातींनी आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचे आरोप विश्वासार्ह आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्हटलं. अमिराती ते साफ नाकारतात. सुदानचं सोनं दुबईच्या बाजारात जातं, ते मात्र कोणी नाकारत नाही. जिद्दामध्ये वाटाघाटी बसवल्या त्या सौदी अरेबियाने आणि अमेरिकेने. एक कोटीहून जास्त माणसं घरातून उठली. ऑक्टोबर २०२५मध्ये दारफूरमधलं एल फाशर शहर आरएसएफच्या हाती पडलं आणि तिथून आलेल्या बातम्या वाचवत नव्हत्या. यात शीतयुद्धातल्यासारखी दोन महासत्तांची ओढाताण नाही. हे मधल्या फळीतल्या देशांनी एका गरीब देशाच्या अंगणात चालवलेलं राजकारण आहे.

आणि सुदानचं आपल्यावर ऋण आहे. खडकवासल्याला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, जी मुख्य घुमटाची इमारत, तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत इटलीच्या फौजांशी लढताना भारतीय जवान पडले, त्यांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने १ लाख पौंड दिले होते. सुदान तेव्हा स्वतः ब्रिटन आणि इजिप्तच्या अंमलाखाली. फाळणीत ही रक्कमही वाटली गेली. भारताच्या वाट्याला ७० हजार पौंड आले आणि ते या वास्तूला लागले. १९५९ साली तिचं उद्घाटन झालं. पानशेतला सहलीला जाताना आपण त्या बाजूने कितीदा जातो. त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याला ते माहीत होतं. त्याच्या वडिलांनी त्याला पुण्याला पाठवताना सांगितलं होतं. मला वाटतं, ज्या देशाच्या पैशांतून आपल्या अधिकाऱ्यांचं पहिलं शिक्षण होतं ती वास्तू उभी राहिली, त्या देशाच्या युद्धाविषयी दिल्लीने अधिक बोलायला हवं. अमिरातींशी आपला व्यापार करार मे २०२२पासून लागू आहे, संबंध उत्तम आहेत, माझ्या टेबलावरचे कितीतरी कागद तिकडचे आहेत. बोलायचं ते अशाच मित्राशी बोलता येतं.

आपली स्वतःची परीक्षा झाली ती लशीच्या वेळी, आणि ती पुण्यातच झाली. १२ जानेवारी २०२१च्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटमधून कोव्हिशील्डचे पहिले ट्रक पूजा करून लोहगाव विमानतळाकडे निघाले. टीव्हीवर ते बघताना माझे डोळे भरून आले होते. २० जानेवारीला भूतान आणि मालदीवला लस गेली. दोन दिवसांनी ब्राझीलला २० लाख डोस, आणि त्यांच्या अध्यक्षांनी संजीवनी घेऊन उडणाऱ्या मारुतीचं चित्र टाकून आभार मानले. २४ फेब्रुवारीला घानाला ६ लाख डोस पोहोचले. गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून आखलेल्या कोव्हॅक्स योजनेतून कुठल्याही देशाला मिळालेला तो पहिला साठा, आणि तो पुण्यात बनलेला. श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट डोस आधीच नोंदवून ठेवले होते. त्या वेळी जगातल्या गरीब देशांचा आधार हडपसरच्या त्या कारखान्यावर होता. दक्षिण आफ्रिकेला बरोबर घेऊन भारताने ऑक्टोबर २०२०मध्येच मागणी केली होती की लशींवरचे पेटंटचे हक्क काही काळ बाजूला ठेवा. आपल्या परराष्ट्र धोरणातलं इतकं नेकीचं पाऊल मी क्वचितच पाहिलं आहे.

मग मार्च संपताना दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. त्या एप्रिलमध्ये पुण्यात बेड मिळत नव्हता, ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर फोन फिरवत होते. माझ्या चुलतभावासाठी आम्हीही फिरवले. निर्यात थांबवली ते मला तेव्हा योग्य वाटलं, आजही वाटतं. लशीला लागणाऱ्या पिशव्या आणि फिल्टर अमेरिकेने आपल्या कायद्याच्या आधारे स्वतःसाठी राखले होते, तेही खरं. पण घाना, केनिया इथल्या ज्या परिचारिकांनी पहिला डोस घेतला होता त्या दुसऱ्याची वाट पाहत राहिल्या. कोव्हॅक्सला आपली लस पुन्हा मिळायला नोव्हेंबर उजाडला. आपली स्वतःची गरज किती मोठी असेल हे न मोजता आपण शब्द दिला होता, आणि तो मोडताना ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता त्यांना पुरेसं सांगितलंही नाही, असं माझं मत आहे. त्याच एप्रिलमध्ये आफ्रिकी संघाने ठरवलं की २०४०पर्यंत आपल्याला लागणाऱ्या लशींपैकी ६० टक्के आफ्रिकेतच बनवायच्या. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केप टाउनच्या लस केंद्राची घोषणा केली. त्यांनी जे केलं ते बरोबरच केलं. आपल्यावर विसंबणं आपण त्यांना परवडू दिलं नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात असंच राजकारण पुण्यातून चालत होतं. इंग्रज, फ्रेंच, निजाम, हैदर, नंतर टिपू. एकटा कोणीच सगळ्यांवर भारी नव्हता. नाना फडणवीसांनी १७७७मध्ये सेंट ल्युबिन नावाच्या फ्रेंच वकिलाला पुण्यात ठेवून घेतलं आणि कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडवली. १७७९ला वडगावला इंग्रजांना गाठलं, पुढच्या वर्षी हैदर आणि निजाम यांना एकत्र आणलं, १७८२मध्ये महादजी शिंद्यांनी सालबाईचा तह घडवला. मात्र १७९०मध्ये पुणं इंग्रज आणि निजाम यांच्याबरोबर टिपूवर गेलं. १७९९ला टिपू पडला, पुढच्या मार्चमध्ये नाना गेले आणि १८०२ संपताना दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. दोन्ही पारड्यांत वजन होतं तोवर आपली किंमत होती. एक पारडं आपणच रिकामं करायला मदत केली.

शाळेत हा भाग आम्ही दुफळीचा म्हणून शिकलो. मला आता त्याची दुसरी बाजू जास्त टोचते. १८१७-१८मध्ये पुण्याच्या बाजूने कोण उभं राहिलं? कोटा, उदयपूर, जोधपूर, जयपूर यांनी एकामागून एक कंपनीशी तह केले. वर्षानुवर्षांच्या मराठी खंडण्यांनी आणि पेंढाऱ्यांच्या धाडींनी ते इतके पिचले होते की कलकत्त्याचा अंमल त्यांना सुटकेसारखा वाटला. पानिपताच्या आधीच सूरजमल जाट निघून गेला होता, राजपूत आलेच नव्हते. त्यालाही तेव्हा छप्पन्न वर्षं लोटली होती. या इतिहासाचा अभिमान मलाही आहे, म्हणूनच तो पुरा वाचावासा वाटतो.

आता ती अपिलाची गोष्ट. जागतिक व्यापार संघटनेत दोन देशांचा खटला आधी एका मंडळापुढे चालतो. निकाल मान्य नसेल तर अपील पीठाकडे जाता येतं. या पीठावर नवे सदस्य नेमायला अमेरिकेने अडवणूक केली आणि डिसेंबर २०१९पासून ते निकाल देऊ शकेनासं झालं. तेव्हापासून हरलेल्या देशाला एक सोपी वाट सापडली: रिकाम्या पीठाकडे अपील करायचं. ते ऐकायला कोणी नाही, त्यामुळे निकाल लागू होत नाही. इंडोनेशियाने निकेलच्या बाबतीत हेच केलं.

आणि भारतानेही केलं, साखरेच्या बाबतीत. २०१९मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी आपल्या ऊसदराविरुद्ध आणि निर्यात अनुदानाविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर २०२१च्या निकालात मंडळाने म्हटलं की सलग पाच हंगाम भारताने उसाला त्याच्या उत्पादनमूल्याच्या ठरलेल्या १० टक्क्यांहून जास्त आधार दिला. पुढच्याच महिन्यात आपण त्या रिकाम्या पीठाकडे अपील केलं. माझे मामा दौंड तालुक्यात ऊस लावतात. मी त्यांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "ब्राझील तर आपल्याच गटात हाय ना? मग आपल्यावरच केस कशापायी?" ब्रिक्सच्या फोटोत शेजारी उभे असलेले दोन देश साखरेच्या बाजारात एकमेकांचे पहिले प्रतिस्पर्धी आहेत. मधल्या देशांची एक फळी आहे असं मी वर म्हटलं, पण ती एका संघाची नाही.

पीठ बंद पडल्यावर २०२०मध्ये युरोपीय संघ, कॅनडा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, सिंगापूर आणि चीन अशा बऱ्याच जणांनी आपसांत अपिलाची तात्पुरती व्यवस्था उभी केली. पुढे जपान त्यात आला, २०२५मध्ये ब्रिटनही. ज्यांना नियम हवे आहेत त्यांनी अमेरिकेची वाट न बघता ते आपल्यापुरते चालू ठेवले. भारत त्यात नाही.

भारताने त्यात जायला हवं. बाहेरून येणाऱ्या मालावरचा युरोपचा कार्बन कर १ जानेवारी २०२६पासून लागू झाला आहे आणि त्यात लोखंड, पोलाद आहे. आम्हाला माल देणाऱ्या गिरण्यांपासून आमच्या नट-बोल्टवाल्या शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्याच्या चिंतेत आहेत. उद्या त्याविरुद्ध भारत जिनिव्हात लढला आणि जिंकला, तर युरोपही आपल्याविरुद्ध त्याच रिकाम्या पीठाकडे जाऊ शकतो. जी पळवाट आपण वापरली ती दुसऱ्याला नाकारता येणार नाही.

मामांनी लगेच विचारलं, "आन् साखरेत हरलो तर एफआरपीचं काय?" प्रश्न रास्त आहे, एफआरपी म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, तो गेला तर दौंड, इंदापूर, बारामतीत घरं बसतील. पण त्या १० टक्क्यांचा हिशेब आजही १९८६ ते ८८च्या किमती धरून होतो, आणि तो बदलून घ्यायची मागणी भारत वर्षानुवर्षं करतो आहे. ती एकट्याने मान्य होणारी नाही. त्यासाठी आफ्रिकेतल्या देशांचे हात वर हवेत, आणि साखर विकून जगणाऱ्या ग्वाटेमालाशीही समोरासमोर बसावं लागेल. त्या देशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढीही नाही. त्यांच्या ऊसतोड कामगारांना आपल्या अनुदानाचा काय फटका बसला, ते आधी ऐकून घ्यावं, असं मी मामांना म्हटलं. ते बराच वेळ वाद घालत राहिले, आणि मग म्हणाले, "तिकडं उसाला टनाला काय भाव पडतो, ते बघून सांग की मला."